‘पुढच्या वेळी लक्ष देईन’ हे उत्तर नव्हे

कामात चूक झाली की आपल्याकडे ठरलेली दोन वाक्यं ऐकू येतात. साहेब विचारतात, ‘लक्ष कुठं होतं?’ आणि समोर मान खाली घालून उभा असलेला म्हणतो, ‘पुढच्या वेळी लक्ष देईन, सर.’ दोघांचंही समाधान होतं, फाइल पुढं सरकते. दोन-चार महिन्यांत तीच चूक पुन्हा होते. कधी त्याच माणसाच्या हातून, कधी त्याच्या खुर्चीवर आलेल्या नव्या माणसाच्या हातून. पुन्हा तीच दोन वाक्यं. नोकरीत नव्यानं लागलेल्या मुलामुलींना माझं पहिलं सांगणं हेच की, हे वाक्य तोंडातून काढू नका. त्यानं राग शांत होतो, पण चुकीचं काहीच बिघडत नाही.

गोंदिया जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास आधारभूत धान खरेदी केंद्रं सुरू होतात. केंद्रावर संगणकाशी बसलेल्या ऑपरेटरसमोर सातबारा, आधार कार्ड आणि पासबुक घेऊन रांग लागलेली असते. मागं काटा चालू, चाळीस-चाळीस किलोच्या पोत्यांची थप्पी लागतेय, हमाल वजन ओरडून सांगतोय, नेट जातंय-येतंय, आणि सरपंचांचा फोन तिसऱ्यांदा वाजतोय. अशा वेळी समजा खाते क्रमांकात 47 च्या जागी 74 पडले. 2024-25 च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,300 रुपये होता. म्हणजे 40 क्विंटल धान घातलेल्या शेतकऱ्याचे 92,000 रुपये दोन अंकांच्या अदलाबदलीत अडकले. महिन्याभरानं तो पासबुक घेऊन केंद्रावर येतो, आवाज चढतो, ऑपरेटर बोलणी खातो आणि म्हणतो, लक्ष देईन.

आता खरं बोलायचं तर त्याचं लक्ष होतंच. लांबलचक आकडा पाहून टाइप करताना शेजारचे दोन अंक उलटे पडणं हे हुशार, कष्टाळू, दहा वर्षं अनुभव असलेल्या माणसाच्या हातूनही होतं. रोज शंभर नोंदी करणाऱ्याच्या हातून कधी ना कधी होणारच. ज्यांनी आधार क्रमांकाची रचना केली त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. आधारच्या बारा अंकांपैकी शेवटचा अंक हा निव्वळ तपासणीचा आहे. याकोबस व्हेरहूफ या डच गणितज्ञानं 1969 मध्ये मांडलेल्या पद्धतीनं तो आधीच्या अकरा अंकांवरून काढतात. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटे झाले, तर हिशेब जुळत नाही आणि ती चूक तिथंच पकडता येते. देशभरातल्या ऑपरेटरांना ‘लक्ष द्या’ असं परिपत्रक काढण्यापेक्षा हे किती शहाणपणाचं!

बँक खात्याच्या क्रमांकाला मात्र सगळ्या बँकांमध्ये असा एकसारखा पहारेकरी नाही. शिवाय आपल्याकडे एनईएफटीनं पैसे जमा होताना खाते क्रमांक पाहिला जातो, नाव जुळवलं जात नाही. पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं नाव पडद्यावर दिसण्याची सोय 1 एप्रिल 2025 पर्यंत द्या, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं ते याच कारणासाठी. ही सोय तुमच्या टेबलावर नसेल तर तुम्हीच एक सोय करा. पासबुक शेतकऱ्याच्या हातात परत द्या, पडद्यावरचा आकडा चार-चारच्या तुकड्यांनी मोठ्यानं वाचा आणि त्याला पासबुकाशी ताडायला सांगा. अर्धं मिनिट जातं. त्याच्या बदल्यात महिन्याभराचे हेलपाटे वाचतात.

अशीच एक जुनी युक्ती मुनीम लोकांना ठाऊक असते. रोजमेळ जुळत नसेल तर फरकाला 9 नं भागून पाहा. 5,730 च्या जागी 5,370 लिहिले गेले तर फरक 360 येतो, तो 9 नं भागला जातो. शेजारचे कोणतेही दोन अंक उलटे झाले तरी असंच घडतं. म्हणजे फरकाला 9 नं नि:शेष भाग गेला तर बेरजा पुन:पुन्हा करत बसण्याआधी उलटे पडलेले अंक शोधायचे. कॉलेजात हे क्वचितच कोणी सांगतं. दुकानाच्या गादीवर मात्र ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे.

मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी मँचेस्टर विद्यापीठात अनेक वर्षं माणसाच्या चुकांचा अभ्यास केला. त्यांचं ‘ह्युमन एरर’ हे पुस्तक 1990 चं. त्यांनी केलेली विभागणी आपल्या भाषेत सांगायची तर अशी: कधी हात चुकतो, कधी विसर पडतो, कधी समजच चुकीची असते, आणि कधी माणूस नियम ठाऊक असून आडवाटेनं जातो. चारही ठिकाणी निकाल बाहेरून सारखाच दिसतो, काम बिघडलेलं. पण औषध चौघांचं वेगळं. हात चुकलेल्याला प्रशिक्षणाला पाठवून उपयोग नाही, त्याला काम येतंच. समज चुकलेल्याला ‘सावकाश कर’ म्हणून उपयोग नाही. तो सावकाश, मन लावून चुकीचंच करील. म्हणून चूक झाली की पहिला प्रश्न स्वतःला हा विचारायचा: ही यातली कुठली?

हात चुकण्याचं उदाहरण वर आलं. सरकारी दप्तरानंही ते मान्य केलेलं आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम 155 आहे, ते सातबारासारख्या अभिलेखातल्या लेखनाच्या चुका दुरुस्त करण्यासाठी. नावातली वेलांटी, क्षेत्रातला दशांश, गट नंबरातला अंक. कायदा करणाऱ्यांनीच गृहीत धरलंय की लिहिणारा चुकणार. मग आपल्या कचेरीतल्या कारकुनानं चूक कबूल केली की इतकं आभाळ का कोसळतं, हे मला आजवर उमगलेलं नाही.

विसरण्यावरचा उपाय गोंदिया जंक्शनवर रोज चालतो. रेल्वेचा लोको पायलट आणि सहायक लोको पायलट समोर दिसणाऱ्या सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्यानं सांगतात. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं तेच पुन्हा म्हणायचं. वीस-वीस वर्षं तोच मार्ग चालवणारी माणसं हे करतात आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. कारण मनातल्या मनात पाहिलेला सिग्नल मनातल्या मनातच विसरला जाऊ शकतो. तोंडानं उच्चारलेला आणि दुसऱ्यानं ऐकलेला सहज निसटत नाही. ऑफिसात हेच करायचं झालं तर कामाच्या पायऱ्या कागदावर उतरवून टेबलाच्या काचेखाली ठेवा. पाच-सात ओळी पुरेत. तीस ओळींची यादी कोणी वाचत नाही, नुसत्या खुणा करतो. यादीत सगळं काम लिहायचं नाही, फक्त जे नेहमी राहून जातं तेवढंच लिहायचं: शिक्का, जावक क्रमांक, सोबतच्या कागदांची मोजणी, दुसरी प्रत.

समज चुकण्याचं प्रकरण जास्त नाजूक, कारण ज्याची समज चुकलेली असते त्याला आपण बरोबर आहोत याची खात्री असते. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. गोंदिया-भंडाऱ्यात माजी मालगुजारी तलावांवर, म्हणजे मामा तलावांवर, ढिवर समाजाच्या संस्था मासेमारी करतात. उत्पादन वाढवायचं तर रोहू, कतला, मृगळ यांचं बीज सोडा, ही वर्षानुवर्षांची सरकारी शिकवण. शिकवणारे जाणकार होते, हेतू चांगला होता. पण कित्येक तलावांतले स्थानिक मासे कमी होत गेले, पाणवनस्पती गेल्या आणि काठानं बेशरमाची झुडपं माजली. अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर आणि ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळा’नं ढिवर मंडळींसोबत बसून आधी जुन्या माणसांकडून माशांची आणि वनस्पतींची नावं गोळा केली, कोणती वनस्पती कुठं उगवायची, कोणता मासा कशात अंडी घालायचा हे विचारलं. मग बेशरम काढणं, उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरणं, देशी पाणवनस्पती पुन्हा लावणं अशी कामं झाली. इथं कुणाचं दुर्लक्ष झालेलं नव्हतं. सगळे नियमानंच वागत होते. नियमच त्या पाण्याला लागू नव्हता. तुमच्या कामातही असा एखादा नियम असेल, जो नीट पाळूनही निकाल सतत वाईट येतो. तिथं आणखी मेहनत करण्याआधी, हा नियम आला कुठून, हे एखाद्या जुन्या माणसाला विचारा.

चौथा प्रकार आडवाटेचा. रोवणीच्या दिवसांत फिडर बंद पडला की लाइनमनच्या फोनला उसंत नसते. पंप बंद, बांधीत पाणी नाही, मजूर बांधावर बसलेले. अशा वेळी परमिट घेणं, डिस्चार्ज रॉड लावणं, दोन्ही बाजूंनी अर्थिंग करणं या पायऱ्या गाळून खांबावर चढणारा माणूस नियम जाणत नाही असं नव्हे. नियमाची वाट लांब पडते, आडवाट जवळ पडते, आणि आडवाटेनं गेल्याबद्दल काल सगळ्यांनी त्याचं कौतुकच केलेलं असतं. राज्यात किती घरांनी या कौतुकाची किंमत मोजली आहे, हे कुठल्याही जुन्या लाइनमनला विचारा. ऑफिसातल्या आडवाटा कमी घातक, पण जात तीच: दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं, न मोजता सही करणं, जुन्या पत्रावर नवी तारीख घालणं. आपण आडवाटेनं गेलो असू तर स्वतःला विचारायचं की सरळ वाट इतकी त्रासाची का आहे. आणि ते कारण वरिष्ठांपर्यंत पोचवायचं. सरळ वाट सोपी झाल्याखेरीज आडवाट बंद होत नाही.

चूक कुठली हे कळलं, तरी ती कुठं झाली हे शोधावं लागतं, आणि इथं घाई फार होते. गोंदियाच्या राइस मिलमधला प्रसंग घ्या. शासनाच्या धानाची भरडाई करताना एक क्विंटल धानामागे 67 किलो अरवा तांदूळ द्यावा लागतो, आणि त्यात तुटलेल्या दाण्यांची कमाल मर्यादा वर्षानुवर्षे 25 टक्के राहिलेली आहे. लॉट तपासणीत कनकी, म्हणजे तुटलेले दाणे, जास्त निघाली, लॉट परत आला. मालक पहिला राग ऑपरेटरवर काढतो. ऑपरेटर पॉलिशरचा दाब कमी करतो. पुढचा लॉटही तसाच.

जाणता मिस्त्री असं करत नाही. तो मशीनला हात लावण्याआधी पोत्यातलं मूठभर धान घेतो, हातानं सोलतो आणि दाणा उजेडासमोर धरतो. दाण्यात आडव्या चिरा दिसल्या तर मिलचा दोष नाही. कापणीनंतर कडप्या शेतात पडून राहिल्या, दिवसा ऊन आणि रात्री दव खाऊन दाणा आधीच तडकला. दाणा अखंड असेल तर शेलरमधून, म्हणजे धान सोलणाऱ्या यंत्रातून, निघालेला माल घ्यायचा. इथं तूट दिसली तर रबर रोलमधलं अंतर किंवा घासलेला रोल. इथंही दाणा साबूत असेल तरच पॉलिशरकडं जायचं. तीन ठिकाणचे तीन नमुने, तीन कागदांवर शेजारी शेजारी. दहा मिनिटांचं काम. पण त्या दहा मिनिटांत ‘कोणाची चूक’ हा प्रश्न ‘कुठल्या टप्प्यावर’ असा होतो, आणि ऑपरेटरही मोकळेपणानं बोलू लागतो.

तुमचं काम कागदाचं असो, रुग्णाचं असो की कोडिंगचं, ही नमुने घेण्याची पद्धत तशीच लागू पडते. बिघडलेला अहवाल हातात आला की शेवटच्या टेबलाकडून सुरुवात करू नका. माहिती जिथून आली तिथून एकेक टप्पा तपासत या. बहुतेक वेळा चूक ज्या टेबलावर दिसते त्याच्या दोन टेबलं अलीकडं जन्मलेली असते.

आपल्या भागातून पुण्याला, नागपूरला, रायपूरला नोकरीसाठी जाणाऱ्या मुलांच्या चुकांचं एक खास मूळ मी अनेकदा पाहिलं आहे: न विचारणं. सालेकसा-देवरीकडचा मुलगा घरी पोवारी, गोंडी किंवा छत्तीसगढी बोलतो, बाजारात हिंदी, शाळेत मराठी. पुण्यात साहेब भराभर अर्धं इंग्रजी बोलतात. मुलाला सत्तर टक्के कळतं, उरलेलं तो अंदाजानं भरतो. पुन्हा विचारलं तर आपल्याला काही येत नाही असं वाटेल, ही भीती. अंदाज चुकतो आणि मग खरोखरच वाटतं की याला काही येत नाही.

यावर उपाय गोंदियाजवळच्या आपल्याच बिरसीच्या विमानतळावर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेल्या या धावपट्टीवर आज देशभरातली मुलं वैमानिकाचं प्रशिक्षण घेतात. नियंत्रण कक्षातून सूचना आली की शिकाऊ वैमानिक ‘ठीक आहे’ म्हणून थांबत नाही. उंची, दिशा, धावपट्टी असे सूचनेतले महत्त्वाचे आकडे तो जसेच्या तसे पुन्हा म्हणून दाखवतो. चुकलं तर नियंत्रक तिथंच दुरुस्त करतो. ही शिस्त किती जीव गमावून आली आहे! 27 मार्च 1977 ला तेनेरिफेच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळून 583 माणसं गेली. एका विमानाच्या वैमानिकाचं संदिग्ध बोलणं त्या दुर्घटनेच्या कारणांपैकी एक होतं. त्यानंतर जगभरात उड्डाणाच्या परवानगीचे शब्द काटेकोर ठरवले गेले.

तर साहेबांनी काम सांगितलं की हेच करा. ‘म्हणजे सर, मी तिरोडा आणि गोरेगाव तालुक्यांची यादी आज पाचपर्यंत काढतो, आमगावची उद्या. बरोबर?’ इतकंच. यात अडाणीपणा दिसत नाही, उलट माणूस नेमका वाटतो. आपल्याकडं ‘जरा बघून घे’ या सूचनेत तपास, निपटव आणि सोडून दे असे तिन्ही अर्थ मावतात, म्हणून तर पुन्हा म्हणून दाखवणं आणखी गरजेचं.

आता मुख्य प्रश्न: चूक झाली, कळली, आणि अजून कोणालाच माहीत नाही. सांगायची का, कशी सांगायची?

सांगायची, आणि लवकर सांगायची. विमान क्षेत्रात अमेरिकेत ‘नासा’ 1976 पासून एक नोंद व्यवस्था चालवते. वैमानिक, नियंत्रक, तंत्रज्ञ स्वतःची चूक तिथं गोपनीयपणे कळवू शकतात. हेतुपुरस्सर केलेली किंवा गुन्ह्यात मोडणारी गोष्ट नसेल आणि घटनेनंतर 10 दिवसांत कळवली असेल, तर सहसा दंडातून सूट मिळते. म्हणजे लपवण्यापेक्षा सांगणं फायद्याचं ठरावं अशी मुद्दाम केलेली रचना. आपल्या कंपनीत अशी सोय नसेलही. तरी मी जितके वरिष्ठ जवळून पाहिलेत त्यांतले बहुतेक चुकीपेक्षा ती उशिरा आणि दुसऱ्याच्या तोंडून कळल्यानं जास्त भडकतात.

सांगताना कारणांपासून सुरुवात करू नका. ‘सर, काय झालं की काल नेट नव्हतं, आणि त्यात पाटील मॅडम सुटीवर…’ ऐकणाऱ्याचा धीर इथंच सुटतो. असं सांगा: ‘सर, सोमवारी पाठवलेल्या यादीत दोन जणांचे खाते क्रमांक चुकीचे गेलेत. पैसे अजून सुटलेले नाहीत, मी बँकेला फोन करून थांबवायला सांगितलंय. दुरुस्त यादीवर तुमची सही लागेल, ती बारापर्यंत मिळाली तर आजच पाठवता येईल. बाकीची यादी मी पुन्हा तपासली, ती बरोबर आहे. हे कसं झालं ते संध्याकाळी सांगतो.’ काय झालं, आता कुठं आहे, मी काय थांबवलं, तुमच्याकडून काय हवं. कारणमीमांसा नंतर, डोकी थंड झाल्यावर. आणि हे समोर जाऊन किंवा फोनवर सांगा, विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको. ग्रुपवर चूक टाकली की दहा जण हात जोडल्याच्या खुणा टाकतात आणि काम कोणीच करत नाही.

सगळेच साहेब समजूतदार नसतात, हेही खरं. काही ठिकाणी कबुली दिली की तीच तुमच्याविरुद्ध फिरवली जाते. तिथं प्रामाणिकपणा सोडू नका, पण कागद धरा. तोंडी सांगितल्यावर दोन ओळींचा ईमेल किंवा टिपण करा, तारीख-वेळ घाला. कारणे दाखवा नोटीस आली तर घाबरून ‘माझी चूक झाली, माफ करावे’ असा एका ओळीचा खुलासा देऊ नका. मुदतीत, मुद्देसूद, तारखांसह लिहा. जे आपल्या हातून झालं ते स्पष्ट मान्य करा आणि जे झालं नाही ते तितकंच स्पष्ट नाकारा. पोच घ्या, प्रत घरी ठेवा.

पगारातून परस्पर कापून घेणारे मालकही असतात. त्यांच्या बाबतीत कायदा माहीत असू द्या. 1936 च्या वेतन प्रदान कायद्यात होतं आणि त्याची जागा घेणाऱ्या 2019 च्या वेतन संहितेतही आहे: दंड करण्याआधी कामगाराला बाजू मांडायची संधी द्यावी लागते, एका वेतनकाळातला एकूण दंड त्या काळाच्या वेतनाच्या 3 टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि तो हप्त्यांनी किंवा 90 दिवस उलटल्यावर वसूल करता येत नाही. निष्काळजीपणामुळं माल वा पैशाचं नुकसान झालं म्हणून वेगळी कपात करायची झाली, तरी ती प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त नको आणि आधी म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. बाजारपेठेतल्या किती दुकानांत आणि गोदामांत हे पाळलं जातं, याबद्दल मी बोलत नाही. पण माहीत असलेला माणूस विचारू तरी शकतो.

स्वतःसाठी एक वही ठेवा. साधी, दोनशे पानी. त्यात चूक काय झाली, चारांपैकी कुठल्या जातीची, ती झाली कधी, लक्षात आली कधी, कोणाच्या लक्षात आली, आणि त्यानंतर कामाच्या पद्धतीत काय बदललं, एवढं लिहा. शेवटचा रकाना कोरा राहिला तर ती नोंद अपुरी समजा. तिथं ‘लक्ष देईन’ लिहायला मनाई. ग्राहकांचे खाते क्रमांक, रुग्णांची नावं, सहकाऱ्यांच्या तक्रारी या वहीत नकोत. होता होता वाचलेल्या चुकाही लिहा. त्या फुकट मिळालेल्या शिकवण्या असतात, आणि आपण त्यांना ‘वाचलो बाबा’ म्हणून सोडून देतो.

या वहीतला सगळ्यात कामाचा आकडा म्हणजे चूक होणं आणि ती सापडणं यातलं अंतर. पहिल्या वर्षी चूक महिन्यानं, तीही ग्राहकाच्या तक्रारीतून कळते. मग आठवड्यानं, ऑडिटमध्ये. मग त्याच दिवशी, स्वतःलाच. अनुभवी माणूस चुकत नाही हा गैरसमज आहे. तोही चुकतो, पण सकाळी झालेली त्याची चूक दुपारच्या चहापर्यंत त्यालाच सापडलेली असते. बढतीच्या किंवा पगारवाढीच्या चर्चेत ‘मी खूप मेहनत करतो’ म्हणण्यापेक्षा हे दाखवा: गेल्या वर्षी या प्रकारच्या दुरुस्त्या इतक्या निघत होत्या, मी पडताळणीची ही पायरी घातली, आता इतक्या निघतात. आणि ती पायरी अर्ध्या पानावर लिहून विभागाला द्या. नवीन माणूस आला की त्याला ते अर्धं पान मिळतं, आणि शंका आली की तो तुमच्याकडं येतो. टेबलावरचा माणूस विभागाचा माणूस होतो तो बहुधा असाच.

एका गोष्टीत मात्र गल्लत नको. जिथं जिवाचा, औषधाचा, विजेचा किंवा सार्वजनिक पैशाचा संबंध आहे, तिथली चूक वहीत लिहून भागत नाही. ती त्या ठिकाणच्या रीतीनं, रजिस्टरला आणि वरिष्ठांना कळवलीच पाहिजे, मग परिणाम काहीही होवो.

बिरसीहून उडालेल्या प्रशिक्षण विमानांचे दोन अपघात आपल्या स्मरणात आहेत: 2017 चा वैनगंगेच्या पात्रातला आणि 2023 चा बालाघाट जिल्ह्यातला. दोन्हींत मिळून चार जीव गेले. अशा अपघातांची चौकशी करणारा विमान अपघात अन्वेषण विभाग आपल्या अहवालांत सुरुवातीलाच नमूद करतो की, चौकशीचा उद्देश पुन्हा अपघात होऊ नये हा आहे, दोष वा जबाबदारी ठरवणं हा नाही. आंतरराष्ट्रीय नियमही तेच सांगतो. माणसं गेलेली असताना, दुःख ताजं असताना, एखादी यंत्रणा हे वाक्य पहिल्या पानावर छापू शकते; मग आपल्या कचेरीत एका चुकीच्या यादीवरून दिवसभर ‘कोणी केलं’ चालतं, त्याचं समर्थन होऊ शकत नाही.

म्हणून शेवटची विनंती ज्यांच्या हाताखाली दोन-चार माणसं आहेत त्यांना. तुमच्या विभागात सहा महिन्यांत कोणीही स्वतःहून चूक सांगायला आलं नसेल, तर चुका होत नाहीत असं समजू नका. त्या तुमच्यापर्यंत पोचत नाहीत. पुढचा जो कोणी येईल त्याला आधी बसायला सांगा, ‘नुकसान थांबवलं का?’ हे विचारा, आणि ‘लक्ष कुठं होतं’ हा प्रश्न गिळून टाका. तो परत जाऊन बाकीच्यांना काय सांगतो, त्यावर उरलेले तुमच्याकडं येतील की नाही हे ठरणार आहे.